आतली हवा, बाहेरचा वारा: तलावावरचं पॅडलबोर्डिंग आणि हवा भरायचा बोर्ड निवडताना

पॅडलबोर्डवर, म्हणजे उभं राहून वल्हवायच्या फळीवर, पहिल्यांदा उभा राहिलेला माणूस दोनच ठिकाणी बघत असतो: स्वतःच्या पावलांकडे, आणि काठावरून कोण हसतंय तिकडे. ज्याची दखल घ्यायला हवी तो वारा मात्र पाठीशी असतो आणि त्याला हळूहळू, अगदी प्रेमानं, तलावाच्या मध्यावर नेत असतो. मीही असाच गेलो होतो. जाताना वाटलं, किती सहज जमतंय! परत फिरलो तेव्हा कळलं की मी वल्हवतच नव्हतो, वारा मला ढकलत होता. जायला जेवढा वेळ लागला त्याच्या तिप्पट वेळ यायला लागला, आणि तोही गुडघ्यांवर बसून.

या छंदात दोन हिशेब सांभाळावे लागतात. एक बोर्डाच्या आतल्या हवेचा, दुसरा बाहेरच्या वाऱ्याचा. आतली हवा कमी पडली तर बोर्ड झोळीसारखा वाकतो. बाहेरचा वारा वाढला तर बोर्ड कितीही चांगला असला तरी तुमचं काही चालत नाही. बाकीचं सगळं या दोन गोष्टींच्या मागून येतं.

ही गादी नव्हे

पाण्यावर पहुडायची फुगवलेली गादी आणि हा बोर्ड यांच्यातला फरक ड्रॉप-स्टिच नावाच्या विणीत आहे. बोर्डाचा वरचा आणि खालचा थर हजारो पॉलिएस्टर धाग्यांनी आतून एकमेकांना बांधलेला असतो. हवा भरली की दोन्ही थर एकमेकांपासून लांब जाऊ पाहतात, धागे ताणले जातात आणि त्यांना धरून ठेवतात. त्यामुळे मधे फुगवटा न येता सपाट, ताठ फळी तयार होते. ही युक्ती बरीच जुनी आहे. गुडइयर कंपनीनं अशाच विणीच्या कापडातून हवा भरून उभं राहणारं छोटं विमान बनवलं होतं आणि १९५६ साली ते उडालंही होतं. तेव्हा ‘फुग्यावर माणूस उभा कसा राहणार?’ ही शंका सोडून द्यायला हरकत नाही.

बहुतेक बोर्डांना १२ ते १५ पीएसआय (दर चौरस इंचाला इतके पाउंड) दाब सांगितलेला असतो, काहींना त्याहून थोडा जास्त. आकडा किरकोळ वाटतो, पण १५ पीएसआय म्हणजे दर चौरस मीटरला साधारण दहा टनांचा रेटा. तो रेटा हे धागे पेलतात. धागे विरळ असतील किंवा हवा कमी असेल, तर बोर्ड मधोमध खचतो, नाक आणि शेपूट वर उचलली जाते आणि तुम्ही एका उथळ वाडग्यात उभे असल्यासारखे डगमगत राहता. नवखी माणसं याचा दोष स्वतःच्या तोलाला देतात.

फायबरचा कडक बोर्ड पाण्यावर जास्त छान सरकतो, हे मान्यच करायला हवं. हवेचा बोर्ड पाण्यावर उंच तरंगतो, त्यामुळे त्याला वाराही जास्त लागतो. पण तो पिशवीत मावतो, घरात कपाटामागे राहतो, काठावरच्या दगडांना धडकला तरी त्याचा टवका उडत नाही आणि त्यावर आपटलं तर बरगड्या शाबूत राहतात. निवांत फेरफटका मारणाऱ्याला याहून जास्त काय हवं?

बोर्ड निवडताना आधी स्वतःला तोला

रंग, डिझाइन, सोबत मिळणाऱ्या चौदा वस्तू हे सगळं बाजूला ठेवा. पहिला प्रश्न वजनाचा. तुमचं वजन, अंगावरचं जॅकेट, पाण्याची बाटली, सामानाची पिशवी, आणि पुढे लहान मूल किंवा कुत्रा बसणार असेल तर त्याचं वजन, हे सगळं मिळवा. मग बोर्डावर लिहिलेली कमाल क्षमता बघा. हा आकडा फसवा असतो. एक लिटर आकारमान साधारण एक किलो वजन तोलून धरतं, म्हणजे ३०० लिटरचा बोर्ड कागदावर जवळपास ३०० किलो उचलेल. पण तेव्हा पाणी बोर्डाच्या वरच्या पृष्ठभागाशी आलेलं असेल आणि बोर्ड लाकडाच्या ओंडक्यासारखा चालेल. माझा नियम सोपा आहे: एकूण ओझं सांगितलेल्या क्षमतेच्या दोन तृतीयांशांच्या आत असावं. क्षमता १५० किलो असेल तर १०० किलोपर्यंत बोर्ड खऱ्या अर्थानं तुमचा.

दुसरी गोष्ट रुंदी. स्थिरता मुख्यतः इथून येते. बहुतेक प्रौढांना पहिल्या बोर्डासाठी ३२ ते ३३ इंच पुरतात. शरीर हलकं आणि लहान चणीचं असेल तर ३० ते ३१ इंच, भारी असेल किंवा सोबत कुणी बसणार असेल तर ३४. ‘जेवढा रुंद तेवढा बरा’ असं समजून कुणी ३६ इंचांवर जातं आणि मग पॅडल, म्हणजे लांब दांड्याचं वल्हं, पाण्यात उभं घालायला दर वेळी बाहेर झुकावं लागतं. खांदे दुखतात, बोर्ड वेडावाकडा चालतो. लहान मुलांचे यात फार हाल होतात. त्यांना मोठ्यांचा बोर्ड देण्यापेक्षा अरुंद आणि छोटा बोर्ड द्यावा.

लांबीवरून बोर्डाचा स्वभाव कळतो. १० ते ११ फुटांचे सर्वसाधारण बोर्ड पटकन वळतात आणि छोट्या तलावाला पुरेसे असतात. १२ फूट ६ इंचांचे टोकदार नाकाचे टूरिंग बोर्ड सरळ रेषेत चालतात आणि तेवढ्याच मेहनतीत लांब पल्ला गाठतात, कारण पाण्याला टेकलेली लांबी वाढली की बोर्डाची सहज गाठता येणारी गतीही वाढते. त्याची किंमत वळताना मोजावी लागते. तलाव लांबलचक असेल आणि तुम्हाला एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जायची हौस असेल तर टूरिंग घ्या. पाणवनस्पतींच्या कडेकडेनं पक्षी बघत फिरायचं असेल तर साडेदहा फूट पुष्कळ झाले.

जाडीबद्दल बरेच गैरसमज आहेत. सहसा १२ सेंटीमीटर किंवा १५ सेंटीमीटर, म्हणजे पावणेपाच किंवा सहा इंच, असे दोन पर्याय असतात. ‘सहा इंचच घ्या’ हा सल्ला सरसकट दिला जातो. वजन ८० किलोंच्या वर असेल तर तो बरोबर आहे, कारण जाड बोर्ड कमी वाकतो. पण ५०-६० किलोंच्या माणसाला चांगल्या विणीचा पातळ बोर्ड जास्त सोयीचा. पाय पाण्याच्या जवळ राहतात, तोल लवकर सापडतो आणि वाऱ्याला धरायला बाजूही कमी उरते. जोराच्या वाऱ्यात सहा इंची कडा म्हणजे शिडाचाच प्रकार.

आता बांधणी. सर्वांत स्वस्त बोर्ड पीव्हीसीच्या एकाच थराचे असतात. ते हलके असतात आणि लवचीकही, नको तेवढे. त्यावरच्या प्रकारात दुसरा थर गोंदानं चिकटवतात. बोर्ड ताठ होतो पण जड. तिसऱ्या प्रकारात थर कारखान्यातच उष्णतेनं एकजीव केलेले असतात. मला हा तिसरा प्रकार पटतो. कडेचे जोड नीट बघा. नुसते चिकटवलेले आहेत की वितळवून जोडलेले? उन्हात तापलेल्या गाडीत गोंद सैल पडू शकतो; वितळवलेला जोड तिथं जास्त भरवशाचा. दुसऱ्याचा बोर्ड पाण्यावर वापरून बघायला मिळाला तर बोर्ड उचलायच्या मधल्या मुठीवर उभे राहा आणि पायांशी पाणी जमतं का बघा. जमत असेल तर बोर्ड तुमच्या वजनाला वाकतोय किंवा त्यात हवा कमी आहे. दाब मोजून बघितलात की यातलं कुठलं ते कळेल.

फिन, म्हणजे बोर्डाखालचा पंख, याबद्दल एकच आग्रह: मधली मोठी फिन काढता-घालता येणारी हवी, आणि तिची खाच यूएस बॉक्स या सर्रास वापरल्या जाणाऱ्या मापाची असली तर उत्तम. फिन हरवतेच. एकाच कंपनीची विचित्र खाच असेल तर मग बोर्ड कोपऱ्यात पडून राहतो. पाण्यात शेवाळ आणि वेली भरपूर असतील तर मागे झुकलेल्या आकाराची फिन घ्या, वेल तिच्यावरून घसरून जाते. उथळ, दगडी काठ असेल तर आखूड आणि लवचीक.

पॅडलकडे लोक शेवटी बघतात. खरं तर तासाभरात ते शेकडो वेळा उचलायचं असतं. ॲल्युमिनियमचं पॅडल जड असतं आणि हाताला गारही लागतं, फायबरग्लासचं मध्यम, कार्बनचं हलकं आणि महाग. बजेट मर्यादित असेल तर बोर्डावरची एखादी नखऱ्याची सोय सोडून हलकं पॅडल घ्या. लांबी तुमच्या उंचीपेक्षा साधारण १५ ते २० सेंटीमीटर जास्त ठेवा. ठरावीक लांबीचं घेण्यापेक्षा तीन तुकड्यांचं, लांबी बदलता येणारं पॅडल बरं.

हवा भरताना

बोर्ड गवतावर किंवा स्वच्छ जमिनीवर उलगडा. व्हॉल्व्हचं झाकण काढा आणि आतली पिन बघा. पिन वर असेल तर व्हॉल्व्ह बंद: हवा आत जाते, बाहेर येत नाही. दाबून थोडी फिरवली की ती खाली अडकते आणि व्हॉल्व्ह उघडा राहतो. ते हवा सोडण्यासाठी. पिन खाली असताना घाम गाळून १५ पीएसआय भरायची आणि नळी काढताच फुस्स! हा प्रसंग प्रत्येकाच्या वाट्याला एकदा येतो. दुसऱ्यांदा आला तर दोष आपला.

नळी लावून फिरवून घट्ट बसवा. हातपंपाला बहुधा दोन पद्धती असतात. सुरुवातीला दांडा वर नेताना आणि खाली दाबताना, दोन्ही वेळा हवा जाईल अशी ठेवा. जड जायला लागलं की फक्त दाबताना जाईल अशी करा. हात सरळ ठेवून कंबरेतून वाका, शरीराचं वजन वापरा. नुसत्या दंडांनी भराल तर पाण्यात उतरायच्या आधीच दमाल.

सुरुवातीचा बराच वेळ काटा हलतच नाही. मीटर बिघडलेला नसतो. काही पीएसआय दाब झाल्याशिवाय बहुतेक पंपांचे काटे जागचे हलत नाहीत. मग काटा सातवर येतो, बोर्ड हाताला कडक लागतो, हात भरून आलेले असतात आणि मन म्हणतं, ‘एवढं पुरे.’ इथंच घोटाळा होतो. कडकपणा खरा येतो तो शेवटच्या चार-पाच पीएसआयमध्ये. सांगितलेल्या दाबापर्यंत जा. कंटाळा येत असेल तर गाडीच्या १२ व्होल्टवर चालणारा विजेचा पंप घ्या. मात्र तो तापतो, लागोपाठ तीन-चार बोर्ड भरू नका.

हवा तापते आणि दाब वाढतो, हे शाळेत शिकलेलं इथं कामी येतं. २० अंशाला १५ पीएसआय भरलेला बोर्ड उन्हात ५० अंशांपर्यंत तापला तर आतला दाब १८च्या आसपास जातो. उलट, ३५ अंशांच्या उन्हात भरून २० अंशांच्या पाण्यात टाकला तर साडेतेरावर उतरतो. म्हणून जेवायला थांबलात तर बोर्ड पाण्यातच बांधून ठेवा किंवा सावलीत. उन्हातच ठेवावा लागणार असेल तर दोन-तीन पीएसआय हवा सोडून द्या. आणि गार पाण्यात गेल्यावर बोर्ड मऊ वाटला तर लगेच भोक शोधत बसू नका.

वारा

निघण्यापूर्वी दहा मिनिटं काठावर उभे राहून बघा. झाडाची पानं आणि बारीक डहाळ्या सतत हलताहेत, हलका झेंडा फडफडतोय, म्हणजे वारा ब्यूफोर्ट या वाऱ्याचा जोर सांगणाऱ्या मापानं तीनवर, ताशी १२ ते १९ किलोमीटर. नवख्यासाठी सीमारेषा इथंच आहे. मी तर १५च्या पुढे सुरुवात करू नका म्हणेन. धूळ उडतेय, लहान फांद्या डोलताहेत, म्हणजे चार. लाटांच्या माथ्यावर पांढरा फेस दिसला तर पिशवी उघडूच नका.

सर्वांत फसवा तो काठाकडून पाण्याच्या दिशेनं वाहणारा वारा. झाडं आणि चढ यांच्या आडोशानं काठाजवळचं पाणी आरशासारखं शांत दिसतं. शंभर-दोनशे मीटर आत गेलात की आडोसा संपतो आणि वारा पाठीला लागतो. लाटाही तिकडेच मोठ्या होत जातात, कारण वाऱ्याला पाण्यावर जितकं मोकळं अंतर मिळतं तितकी लाट वाढते. म्हणून जाताना वाऱ्याविरुद्ध जा, येताना त्याच्यासोबत या. दमलेल्या माणसाला घरी पोचवायला वारा मदत करेल, असं नियोजन हवं. उन्हाच्या दिवशी जमीन तापली की वारा वाढतो, त्यामुळे सकाळची वेळ बहुधा सर्वांत चांगली.

तरीही सापडलात तर उभं राहायचा हट्ट सोडा. उभं शरीर म्हणजे शीड. गुडघ्यांवर बसा, पॅडल आखूड धरा. तेही जमेना तर पोटावर झोपा, पॅडल छातीखाली दाबा आणि हातांनी पाणी ओढा. जिथून निघालात तिथंच पोचायला हवं असं नाही. तिरपं जाऊन जो काठ जवळ पडेल तो गाठा, पुढचं चालत जाता येतं. बोर्ड सोडून पोहत जाऊ नका, कधीच. तुमची सर्वांत मोठी तरंगणारी वस्तू तीच. मेघगर्जना ऐकू आली तर लगेच बाहेर, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास पाण्यात पाऊल नको.

अंगावर काय हवं

तरंगणारं जॅकेट, अंगावर घातलेलं आणि बांधलेलं. बोर्डाच्या दोरीखाली अडकवलेलं जॅकेट शोभेचं. शांत पाण्यात पोहता येणाऱ्याला ५० न्यूटन उत्प्लावकतेचं, म्हणजे तरंगवायच्या तेवढ्या जोराचं, चालतं. पोहता येत नसेल तर बेशुद्ध माणसाचंही तोंड वर ठेवणारं, जास्त उत्प्लावकतेचं घ्या. अमेरिकी तटरक्षक दलानं २००८ साली निर्णय दिला की पोहण्या-सर्फिंगच्या हद्दीबाहेर वापरलेला पॅडलबोर्ड ही नौकाच, आणि नौकेवर जॅकेट हवंच. इतर ठिकाणचे नियम वेगळे असतील, पाणी तेच आहे.

लीश, म्हणजे तुम्हाला बोर्डाशी बांधणारी दोरी. पडल्यावर वाऱ्यात बोर्ड तुमच्या पोहण्यापेक्षा वेगानं निघून जातो, म्हणून ती आवश्यक. स्थिर पाण्यात गुंडाळीची, पिंढरीला बांधायची लीश चांगली. ती पाण्यात लोळत नाही, वेलींत अडकत नाही. मात्र तलावाला नदी मिळते तिथं किंवा कुठेही प्रवाह असेल तिथं पायाला बांधलेली लीश जिवावर बेतू शकते: ती फांदीत अडकली तर पाण्याच्या जोरात पायापर्यंत हात पोचत नाही. तिथं कंबरेला, एका ओढीत सुटणारा पट्टा लागतो. धरणाच्या जलाशयात सांडवा आणि पाणी ओढून घेणाऱ्या दारांच्या आसपासही फिरकू नका.

कपडे हवेच्या नव्हे, पाण्याच्या तापमानाला साजेसे घाला. ऊन छान पडलं तरी खोल तलाव गार राहतो, थंडी सरून गेल्यावर तर विशेष. १५ अंशांखालच्या पाण्यात पडलं की श्वास एकदम आत ओढला जातो, धाप लागते. बोर्डाला धरून, हालचाल न करता मिनिटभर श्वास ताब्यात आणा. मग वर चढा. हातांत नीट ताकद अति थंड पाण्यात दहा मिनिटांच्या आसपासच टिकते, तेव्हा ती वेळ ओरडण्यात घालवू नका. शिट्टी जॅकेटला, फोन जलरोधक पिशवीत आणि अंगावर.

पाण्यात

गुडघाभर पाणी येईपर्यंत चालत जा, नाहीतर फिन तळाला टेकेल आणि बोर्ड थांबेल, तुम्ही थांबणार नाही. मधली मूठ हाताशी ठेवून गुडघे तिच्या दोन बाजूंना टेका. पाच-दहा मिनिटं गुडघ्यांवरच वल्हवा. मग पॅडल आडवं धरून हात टेका, ज्या जागी गुडघे होते तिथं एकेक पाऊल आणा, पावलं खांद्याएवढी लांब, बोटं पुढे. उठा आणि नजर दूर काठावर ठेवा. खाली बघितलं की तोल जातो, सायकलसारखंच. गुडघे सैल. आणि उभे राहताच दोन-तीन वल्ही मारा; चालता बोर्ड थांबलेल्यापेक्षा स्थिर असतो.

पॅडलचं पातं दांड्याशी थोडं वाकलेलं असतं. ते वाकणं पुढच्या दिशेला हवं. निम्मे लोक चमच्यासारखं उलटं धरतात, कारण तसं धरल्यावर पाणी जास्त ओढलं जाईल असं वाटतं. एक हात वरच्या मुठीवर, दुसरा दांड्यावर. पुढे झुकून पातं पायांच्या बरंच पुढे पूर्ण बुडवा, दांडा शक्य तितका उभा ठेवा, बोर्ड पॅडलकडे ओढल्याची कल्पना करा आणि घोट्याशी आलं की बाहेर काढा. त्यामागे ओढत नेलं की बोर्ड फक्त वळतो. चार-पाच वल्ह्यांनंतर बाजू बदला. वळायचं असेल तर पातं नाकाजवळून शेपटीपर्यंत मोठ्या अर्धगोलात फिरवा. झटपट वळायला आणि थांबायला तेच शेपटीकडून नाकाकडे.

पडणार आहातच. बाजूला, बोर्डापासून लांब, अंग पसरून पडा. खोली माहीत नसताना डोकं खाली करून कधीही नाही. परत चढायला मधल्या मुठीपाशी या, पोटावर आडवे व्हा, पाय पाण्याच्या पृष्ठभागावर आणून जोरात मारा आणि छाती बोर्डावर सरकवा. पाय खाली लोंबकळत ठेवले तर बोर्डच तुमच्यावर उलटेल. हे उभं राहायला शिकण्याआधी, कमरेएवढ्या पाण्यात पाच वेळा करून बघा. आपल्याला परत वर चढता येतं हे कळलं की पायांची थरथर निम्मी होते.

परत आल्यावर

बोर्ड पुसा, फिनच्या खाचेतली वेल काढा, पिशवीतलं पाणी ओता आणि सगळं पूर्ण वाळवा, विशेषतः दुसऱ्या तलावात जाणार असाल तर. काळ्या आणि कॅस्पियन समुद्राच्या परिसरातला झेब्रा शिंपला १९८८ मध्ये उत्तर अमेरिकेच्या ग्रेट लेक्स भागात सापडला आणि तिथून नौकांना चिकटून असंख्य तलावांत पसरला. ओला बोर्ड असे पाहुणे सहज वाहून नेतो. बोर्ड नाकाकडून व्हॉल्व्हच्या दिशेनं सैल गुंडाळा, करकचून नको.

हवा हळूहळू जात असेल तर आधी व्हॉल्व्हवर साबणाचं पाणी टाका. बुडबुडे तिथं आले तर सोबतच्या पान्यानं व्हॉल्व्ह घट्ट करा; बहुतेक वेळा एवढ्यावर भागतं. बोर्डावरच भोक सापडलं तर हवा पूर्ण सोडा, जागा स्पिरिटनं पुसा, भोकापेक्षा चहूबाजूंनी दोन-तीन इंच मोठा पीव्हीसीचा तुकडा गोल कापा. कोपरे ठेवले की ते उचकटतात. दोन्ही बाजूंना पीव्हीसीचा गोंद पातळ लावा, चिकट होईपर्यंत थांबा, मग लावून वर वजन ठेवा. २४ तास हात लावू नका. त्यानंतर पहिल्यांदा अर्धाच दाब भरा, बोर्ड रात्रभर सावलीत राहू द्या आणि सकाळी उन्हाआधी काटा बघा.